पिल्लाला जामीन कोण?

मुलांच्या मागण्यांना मध्यमवर्गीय घरात एक ठरलेला क्रम असतो. आधी सायकल येते, शेवटी मोबाइल येतो आणि या दोहोंच्या मधे कुठे तरी कुत्र्याचं पिल्लू येऊन उभं राहतं. सायकल घेऊन टाकता येते. मोबाइल ‘दहावीनंतर बघू’ म्हणून ढकलता येतो. पिल्लाला नाही म्हणायला मात्र चांगलंसं कारण सापडत नाही. ‘जागा नाही’ म्हणावं, तर ‘लहान जातीचं आणू या ना!’ हे उत्तर तयार असतं आणि तिथेच आईबाप निम्मे गारद होतात. कुत्रं लहान, म्हणजे त्याला जागा थोडी, खाणं थोडं, खर्च थोडा, भुंकणं थोडं आणि अर्थातच काम थोडं, असा एक गोड हिशेब मनातल्या मनात होऊन जातो. या हिशेबातल्या पहिल्या दोन रकमा बरोबर आहेत.

आमच्या घरी ही मागणी रीतसर अर्जाच्या रूपात आली. थोरली पाचवीत आहे. शाळेत प्रोजेक्ट करण्याची सवय अंगात अशी मुरलीय, की घरातलं भांडणसुद्धा ती चार्टपेपरवर मांडते. एका रविवारी फ्रिजवर चार उमेदवार झळकले : पग, शिह त्झू, पॉमेरेनियन आणि डॅशहुंड. प्रत्येकापुढे रकाने. वजन, केस, भुंकणं, मुलांशी वागणूक. शेवटच्या रकान्यात चौघांनाही सढळ हाताने तारे दिलेले होते. ‘मुलांची कुत्र्याशी वागणूक’ असा रकाना नव्हता. ‘सकाळी सहाला खाली कोण नेणार’ असाही नव्हता.

मी बँकेत कर्जविभागात काम करते. अर्ज कितीही सुबक असला, तरी माझी नजर आधी मुदतीवर जाते आणि मग जामीनदारावर. इथे अर्जदार दहा वर्षांची होती आणि लहान जातीचं कुत्रं नीट सांभाळलं तर सहज बारा ते पंधरा वर्षं जगतं. मोठ्या जातींची आयुष्यं त्या मानाने आखूड. ग्रेट डेनसारखं भलंथोरलं कुत्रं आठ-दहा वर्षांत आटोपतं. म्हणजे आकार जितका लहान, तितकी मुदत लांब! थोरली अठराव्या वर्षी शिकायला बाहेर पडेल, तेव्हा कुत्रं आठ वर्षांचं असेल. पुढे त्याचे दात, त्याचे डोळे, त्याच्या औषधाच्या वेळा कोण बघणार? ती हॉस्टेलवरून व्हिडिओ कॉल करील आणि ‘त्याला माझ्याकडून एक पापी दे’ म्हणेल. कुत्रं तिचं म्हणून घरात येईल आणि आमचं म्हणून म्हातारं होईल.

तेव्हा जामीन कोण राहतंय, याचा शोध सुरू केला. त्यात असं निघालं, की थोरली सोडली तर घरातल्या प्रत्येकाला ते पिल्लू दुसऱ्या कुणासाठी तरी हवं होतं. नवऱ्याला ते थोरलीसाठी हवं होतं, कारण कुत्रं पाळलं की मुलांना जबाबदारी कळते, असं त्याने ऑफिसात ऐकलं होतं. मला ते धाकट्यासाठी बरं वाटत होतं, कारण तो दुपारभर आजीच्या मागे भुणभुण करतो. धाकट्याला खरं तर हत्ती हवा होता. तडजोड म्हणून तो कुत्र्यावर उतरला होता. राहिल्या सासूबाई. त्या काहीच बोलल्या नाहीत. आमच्या घरात हे चांगलं लक्षण मानत नाहीत.

मग मी त्या चार उमेदवारांची चौकशी आरंभली. कुत्र्यांच्या जातींबद्दल एक गोष्ट आपण विसरतो. ‘कोथरूडच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटसाठी’ म्हणून कुठलीच जात तयार झालेली नाही. प्रत्येक जात कुणी तरी, कुठे तरी, कसल्या तरी कामासाठी पिढ्यान् पिढ्या निवडून काढलेली आहे. ते काम संपलं, तरी कुत्र्याच्या अंगातून ते जात नाही.

डॅशहुंडचंच घ्या. लांबुळका देह, आखूड पाय, विनवणीचे डोळे. बघताच कुणीही विरघळेल. पण जर्मन लोकांनी त्याला घडवलं ते बॅजर नावाच्या बिळात राहणाऱ्या, चांगल्या तिखट जनावराच्या शिकारीसाठी. बिळात शिरायचं म्हणून पाय आखूड, उकरायचं म्हणून पंजे मजबूत आणि खालून भुंकलेलं वर शिकाऱ्याला ऐकू यावं म्हणून आवाज खणखणीत. आमच्याकडे बिळं नाहीत. सोफा आहे, गाद्या आहेत आणि खालच्या मजल्यावर दुपारी झोपणारे एक निवृत्त गृहस्थ आहेत. शिवाय एवढ्या लांब पाठीला सोफ्यावरून उड्या मारणं सोसत नाही. मणक्यातली चकती सरकण्याचा त्रास या जातीत फार. आमच्या घरात सोफ्यावरून उडी न मारणारा प्राणी अजून जन्माला यायचाय.

पग आणि शिह त्झू हे दोघे मूळचे दरबारी. पगचा उगम चीनमधला. तिथल्या राजघराण्यांच्या मांडीवर तो वाढला. शिह त्झूची मुळं तिबेटात सांगतात, पण त्याचं कोडकौतुक झालं ते चीनच्या राजवाड्यात. पॉमेरेनियनचे पूर्वज उत्तरेकडच्या थंडीतली चांगली दणकट कुत्री. त्यांचं आजचं चिमुकलं रूप लोकप्रिय झालं, त्यात व्हिक्टोरिया राणीचा मोठा हात होता. १८८८ साली फ्लॉरेन्सच्या मुक्कामात तिने मार्को नावाचं छोटं पॉम घेतलं आणि मग सगळ्या इंग्लंडला छोटं पॉम हवंसं झालं. १९०१ साली ती अंथरुणाला खिळली, तेव्हाही तिचं लाडकं पॉम, तुरी, तिच्या पलंगावर होतं. वाचायला हे सगळं फार हृद्य आहे. पण चार्टपेपरवर एक तपशील राहून गेला होता. राणीला सकाळी आठ चाळीसची बस पकडायची नव्हती. चीनच्या सम्राटाला डबे भरायचे नव्हते. राजवाड्यातल्या कुत्र्याला सर्वांत आधी राजवाडा लागत नाही, नोकर लागतात. ही कुत्री मांडीसाठी घडवलेली आहेत आणि दिवसाचे नऊ तास आमच्या घरातली प्रत्येक मांडी कुठल्या ना कुठल्या खुर्चीत अडकलेली असते.

शिह त्झूचे केस माणसाच्या केसांसारखे वाढतच राहतात. रोज विंचरले नाहीत, तर त्यांच्या जटा होतात. थोरलीच्या दोन वेण्या घालता घालता आठवड्यातून एकदा तरी आमची शाळेची व्हॅन चुकते. त्या घरात रोज विंचरण्याजोगं आणखी एक डोकं, आणि डोक्यामागे अख्खं अंग, आणण्याचा विचार मी शांतपणे बाजूला ठेवला.

पगवर मात्र नवऱ्याचा जीव होता. त्याच्या पिढीतल्या पुष्कळांचा असतो. २००३ साली हच या मोबाइल कंपनीची जाहिरात आली. एक लहान मुलगा जाईल तिथे त्याच्यामागे एक पग. त्या जाहिरातीनंतर शहरांतून पगची जी लाट आली, ती अजून पुरती ओसरलेली नाही. त्याआधी अशीच लाट पांढऱ्या, झुपकेदार शेपटीच्या कुत्र्यांची होती. १९९४ च्या ‘हम आपके हैं कौन’मधला टफी आठवतो? आपल्याकडे ज्याला सर्रास ‘पामेरियन’ म्हणायचे, ते बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असायचं, आणि टफीही तोच. इथल्या हवेत ते बऱ्यापैकी रुळलेलं. पगचं तसं नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही; जीभ बाहेर काढून ल्हा ल्हा करत ते अंगातली उष्णता बाहेर टाकतं. पगचं नाक इतकं चेपलेलं, की हेच काम त्याला धड जमत नाही. एप्रिल-मेच्या दुपारी पळवलं, तर ते जिवावर बेतू शकतं. पुष्कळ विमान कंपन्या चपट्या नाकाची कुत्री सामानकक्षातून न्यायला तयार नसतात, ते याच कारणाने. जाहिरातीतला पग मुलाच्या मागे सगळीकडे गेला, पण जाहिरात मिनिटभराची होती. पुण्याचा उन्हाळा तीन महिन्यांचा असतो.

जातींची छाननी झाल्यावर प्रश्न उरला पिल्लाचा. जात कुठलीही असो, दोन महिन्यांचं पिल्लू हे पिल्लूच असतं. आणि दोन महिने हा कमीत कमी आकडा आहे. २०१७ साली आलेल्या कुत्र्यांच्या पैदाशीच्या आणि विक्रीच्या नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, आणि पैदास करणाऱ्याला नोंदणी करावी लागते. तेव्हा कुणी पाच आठवड्यांचं, अजून डुलत चालणारं पिल्लू ‘लहानपणापासून लळा लागेल’ म्हणून हातावर ठेवायला लागलं, तर त्याला आधी पिल्लाची आई दाखवायला सांगावं. आई दिसली नाही, तर पिल्लूही घेऊ नये.

आम्ही उलटं केलं. पिल्लू आणायच्या आधी, नुसतंच थोरलीला घेऊन, जवळच्या प्राण्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर जरा गोंधळले. ‘पेशंट कुठाय?’ म्हणाले. पेशंट नाही, सल्ला हवाय म्हटल्यावर ते खुर्चीत मागे रेलले आणि हसले. लोक त्यांच्याकडे आधी पिल्लू घेऊन येतात आणि मग विचारतात, की आता काय करायचं.

त्यांनी जे सांगितलं, ते मी घरी येऊन आमच्या वेळापत्रकाशेजारी लिहून काढलं. दोन महिन्यांचं पिल्लू साधारण दोन-तीन तास कळ काढू शकतं. ढोबळ हिशेब असा, की जितके महिने वय, त्यात एक मिळवा, तितके तास. झोपून उठलं की शू, खाल्लं की शी, खेळलं की पुन्हा शू. दिवसातून तीन-चार वेळा खाणं. अठरा-वीस तास झोप, पण ती सलग नाही आणि रात्री तर मुळीच नाही. सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान पहिली लस, मग दर तीन-चार आठवड्यांनी पुढचे डोस, ते चार महिन्यांचं होईपर्यंत. तीन महिन्यांचं झालं की रेबीजची. डोस पुरे होईपर्यंत रस्त्यावर सोडायचं नाही, कारण पार्व्होसारखे रोग पिल्लाला दोन-चार दिवसांत घेऊन जातात. पण नेमक्या याच दिवसांत त्याला माणसं, आवाज, रिक्षा, पाऊस, छत्री, सगळ्याची ओळख करून द्यायची, नाहीतर ते जन्मभर बुजरं राहतं. मग काय करायचं? कडेवर घेऊन हिंडवायचं. दुधाचे अठ्ठावीस दात पडून बेचाळीस पक्के दात येईपर्यंत, म्हणजे सहा-सात महिन्यांचं होईपर्यंत, हाताला, नव्हे तोंडाला लागेल ते चावणार. चप्पल, चार्जर, खुर्चीचा पाय आणि पाचवीचं भूगोलाचं पुस्तक यांत ते भेदभाव करत नाही.

या कागदाशेजारी आमचा कागद. पावणेसहाला डबे. सातला व्हॅन. आठ चाळीसला नवऱ्याची बस. नऊला मी. धाकटा साडेबाराला शिशुवर्गातून घरी. थोरली तीनला, मग साडेचारला कथक, एक दिवसाआड पोहणं. मी सातला, नवरा आठला. दोन्ही कागद जुळवले, तर पिल्लाच्या जागेपणाच्या प्रत्येक घटकेला घरात एकच माणूस हजर दिसत होतं. माणसाचं वय बाहत्तर, दोन्ही गुडघे दुखरे.

सासूबाईंनी दोन्ही कागद चष्मा लावून वाचले. मग म्हणाल्या, ‘मी नाही म्हणत नाही गं. फक्त माझी नोकरी किती वाजता सुरू होते आणि सुट्टी कधी, तेवढं सांगून ठेवा.’

कुत्र्यांचं त्यांना वावडं आहे, असं नाही. वाईजवळच्या त्यांच्या माहेरी मोत्या होता. त्याची जात कुणी विचारली नाही, त्याला लस कुणी टोचली नाही, त्याला भाकरीचा तुकडा पडायचा आणि तो अंगणात, गोठ्याच्या दारात पडलेला असायचा. मोत्या घर राखायचा. इथे आम्ही घर बंद ठेवून कुत्रं राखणार, हे त्यांना उलटं वाटतं. ‘कुत्र्याने भाकरी पळवली, तर नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले,’ त्या धाकट्याला सांगत होत्या. धाकट्याने विचारलं, ‘आपण काय घेऊन धावायचं?’ सासूबाई माझ्याकडे बघत म्हणाल्या, ‘पेपर. शू पुसायला.’

तूप तर सोडाच, आमच्या स्वयंपाकघरातलं निम्मं अन्न कुत्र्याला चालत नाही, हेही डॉक्टरांकडेच कळलं. चॉकलेट विषारी हे थोरलीला ठाऊक होतं. पण द्राक्षं, मनुका आणि बेदाणेसुद्धा कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक असतात. म्हणजे सत्यनारायणाचा प्रसाद बाद. कांदा आणि लसूण त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशींची नासधूस करतात. म्हणजे पोहे, थालीपीठ, आमटी आणि लसणाची चटणी बाद. मोठ्या कुत्र्याने एखादा बेदाणा खाल्ला, तर कदाचित निभावून जाईल. तीन किलोच्या कुत्र्याला चिमूटभरसुद्धा जड पडू शकतं. आणि आमचा धाकटा जेवतो, तेव्हा ताटापेक्षा जमिनीवर जास्त वाढलेलं असतं.

धाकट्यावरून आठवलं. डॉक्टरांनी एक वाक्य सांगितलं, ते मला चार्टपेपरवरच्या सगळ्या ताऱ्यांपेक्षा मोलाचं वाटतं. मोठ्या कुत्र्यापासून मुलांना जपावं लागतं. लहान कुत्र्याला मुलांपासून. आपली समजूत नेमकी उलटी असते. लहान मूल आणि लहान कुत्रं, म्हणजे जोडी जमली! पण चिवावासारख्या इवल्याशा कुत्र्याची टाळू पुष्कळदा जन्मभर पुरती भरून येत नाही, आणि चार वर्षांच्या मुलाच्या हातून निसटून पडलं, तर एवढ्याशा पिल्लाची हाडं तडकतात. कुत्र्याला मिठी आवडत नाही, आवळून धरलं की ते घाबरतं. घाबरलेलं लहान कुत्रं पळायला जागा नसली, की चावतं. मग दोष कुत्र्याचा. म्हणून नियम असे, की मुलांनी पिल्लू उचलायचं नाही. खाली मांडी घालून बसायचं आणि ते आपणहून आलं तर घ्यायचं. खाताना, झोपताना त्याला हात लावायचा नाही. पाच-सहा वर्षांखालच्या मुलाला आणि कुत्र्याला मोठ्या माणसाशिवाय एका खोलीत सोडायचं नाही. म्हणजे पुन्हा मोठं माणूस आलंच.

सोसायटीचा प्रश्न त्या मानाने सोपा निघाला. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ साली मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. कुत्रं पाळायला सोसायटी बंदी करू शकत नाही, लिफ्टमधून नेऊ नका असं म्हणू शकत नाही. सेक्रेटरींशी वाद घालायला थोरली कंबर कसून तयार होती. पण कायद्याने हक्क मिळतो, शेजार मिळत नाही. तो मिळवायला हातात पिशवी घेऊन, आपल्या कुत्र्याची शी आपण उचलावी लागते. महापालिकेचा परवाना काढावा लागतो आणि दरवर्षी रेबीजची लस टोचावी लागते. गणपतीत ढोल-ताशांच्या दणक्यात आणि दिवाळीत फटाक्यांच्या माळांत कुत्रं पलंगाखाली थरथरत बसतं, तेव्हा कुणी तरी बाहेर जायचं सोडून त्याच्याजवळ बसावं लागतं. मे महिन्यात कोकणात जायचं, तर आधी कुत्र्यांच्या पाळणाघरात जागा बघावी लागते.

एवढं सगळं झाल्यावर सासूबाईंनी तोडगा काढला. ‘आधी कुत्र्याशिवाय कुत्रं पाळून बघा,’ त्या म्हणाल्या.

झाली रंगीत तालीम सुरू. बाजारातून एक पट्टा आणला. रोज सकाळी सहाला आणि रात्री दहाला थोरलीने तो रिकामा पट्टा घेऊन खाली जायचं, एक फेरी मारून यायचं. दिवसातून दोनदा हॉलमधली एक फरशी, स्वच्छ असली तरी, पुसायची. कापसाच्या अस्वलाला रोज विंचरायचं. वॉचमनकाकांनी विचारलं, ‘कुत्रं कुठंय?’ थोरली गंभीरपणे म्हणाली, ‘यायचंय अजून.’ पोर एकटी कशी जाईल, म्हणून बाप बरोबर.

सुरुवातीचे दिवस झोकात गेले. मग सहामाही आली. मग परतीचा पाऊस आला. मग थोरलीला सर्दी झाली आणि सर्दी गेली तरी सकाळची झोप गेली नाही. अस्वलाच्या जटा झाल्या. फरशी मावशी पुसत होत्याच. पण गंमत अशी, की बापाच्या फेऱ्या चालूच राहिल्या. गेटजवळच्या श्वानमंडळात त्याची ऊठबस सुरू झाली. या मंडळींना एकमेकांची नावं ठाऊक नसतात. ‘ब्रुनोचे बाबा’, ‘कुकीची आई’ अशीच ओळख. कुत्रं नसलेला हा एकटाच सदस्य, पण रात्री जेवताना तो ब्रुनोच्या पोटाची तक्रार आम्हाला सविस्तर सांगायला लागला. एकदा पट्टा घरी विसरला, तरी फेरी मारून आला.

सासूबाई आमटी वाढता वाढता म्हणाल्या, ‘कुत्रं ह्याला हवंय. लहानपणी दोनदा दप्तरातून पिल्लू आणलं होतं. दोन्ही वेळा मीच परत नेऊन ठेवलं.’ नवरा ताटात बघत राहिला. थोरली बापाकडे, आपला पेपर दुसऱ्याने लिहिल्यासारखी बघत होती.

कर्ज देताना आम्ही दोन गोष्टी तपासतो : फेडायची ऐपत आणि फेडायची दानत. आमच्या घरात शेवटी दोन्ही सापडल्या, पण दोन वेगवेगळ्या माणसांत. नवऱ्यापाशी दानत आहे, वेळ नाही. सासूबाईंपाशी वेळ आहे, पण गुडघे नाहीत. आणि त्यांचा वेळ हा घरातला बिनमालकाचा भूखंड आहे, असं समजण्याचा हक्कही आम्हाला नाही. माझ्यापाशी खरं सांगायचं तर दोन्ही नाही. थोरलीपाशी माया भरपूर आहे आणि ती खरी आहे. तिच्या वयाला तेवढीच असावी.

तेव्हा पिल्लाचा अर्ज आम्ही तूर्त नामंजूर केला. बंद नाही केला, पुढे ठेवला. धाकटा पहिलीत जाईल, कुत्र्याच्या ताटाशी जायचं नाही एवढं त्याला कळू लागेल आणि नवऱ्याला आठवड्यातले दोन-तीन दिवस घरून काम करता येईल, तेव्हा पुन्हा विचार करायचा. तोही पिल्लाचा नाही, मोठ्या कुत्र्याचा. प्राण्यांना आसरा देणाऱ्या संस्थांकडे तीन-चार वर्षांची शहाणी कुत्री घराची वाट बघत असतात, बहुतेक देशी. इथलं ऊन त्यांना नवं नसतं. त्यांचे दात आलेले असतात, स्वभाव कळलेला असतो. मुलं चालतात की नाही, भुंकतात किती, हे संस्थेतली माणसं आधीच सांगू शकतात. बाहेर जाऊन उरकायची सवय लागलेलं मोठं कुत्रं पाच-सहा तास निवांत झोपून काढतं. नोकरदार घराला पिल्लापेक्षा हे कितीतरी सोयीचं. ते थोड्या मोठ्या आकाराचं निघालं, तरी हरकत नाही. कुत्र्याला जागेपेक्षा वेळ जास्त लागतो.

थोरलीने चार्टपेपर उतरवला आणि नवा लावला. त्यावर एकच रकाना आहे, ‘बाबा किती वाजता येतात’.

तुमच्याही घरी ही मागणी येईल, आली नसेल तर. तेव्हा जातींची चित्रं बघण्याआधी घरातल्या मोठ्या माणसांनी, मुलं झोपल्यावर, एकमेकांना एवढंच विचारावं : मुलं नसती, तरी आपण हे कुत्रं आणलं असतं का? आणि आणलं असतं, तर दुपारी दोन वाजता त्याच्याजवळ आपल्यापैकी कोण असतं? दोन्ही प्रश्नांना एकाच माणसाचं नाव उत्तर म्हणून आलं, तर खुशाल आणा, पग सोडून कुठलंही आणा. मुलं त्याला जीव लावतील, ते मुलांना लावेल. दोन वेगळी नावं आली, तर थोडं थांबा. आणि एकही नाव आलं नाही, तर मुलांना सरळ नाही म्हणा. दोन दिवस रडतील, पण ते रडणं मुलांना सोसतं. कुणालाच सवड नसलेल्या घरात बारा-पंधरा वर्षं काढणं कुत्र्याला सोसत नाही.